बाहीवरची हाडं

आपली बायको एक दिवस हत्तीच्या पोटाखाली पालथी पडून लोकांवर गोळ्या झाडेल, असं श्रीरंग मुजुमदारला कुणी लग्नाच्या वेळी सांगितलं असतं, तर त्यानं त्या माणसाला थंड पाण्याचा ग्लास देऊन घरी पाठवलं असतं. आता तोच हिवाळ्यात दर रविवारी सकाळी थर्मासमध्ये चहा भरतो आणि तिला तिथं घेऊन जातो. हत्ती फायबरचा, गोळ्या फोमच्या आणि बायको छप्पन्न वर्षांची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे जमणार नाही.

आधी जागा सांगतो. दिल्लीत जीटी कर्नाल रोडला लग्नाची लॉनं आहेत, एकाला एक लागून, मैलभर. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत इकडचे लोक खरमास पाळतात, त्या महिन्यात लग्नं बंद. एरवी जिथं डीजेनं छाती दणदणते तिथं तेव्हा चिटपाखरू नसतं. प्लॅस्टरचे खांब, मांडवाचे सांगाडे, सोंड मोडलेले हत्ती, नवरा-नवरीचं लाल मखमलीचं सिंहासन, सगळं धुक्यात भिजत पडलेलं. गुरलीन कौर नावाच्या एका मुलीनं हे बरोबर हेरलं आणि एका लॉनवाल्याला पटवून तिथं रविवारच्या लढाया सुरू केल्या. दोन पक्ष करायचे, डोळ्यांवर जाड चष्मे, हातात स्प्रिंगचे ब्लास्टर. फोमची गोळी लागली की माणूस त्या डावापुरता बाद. येणारे कोण, तर बँकेतले, आयटीतले, एक दातांचा डॉक्टर, दोघी शिक्षिका. चांगली कमावती माणसं, पण शिट्टी झाली की चिखलात लोळतात.

या खेळाचा एक नियम आहे, आणि त्यावरच सगळं चालतं. लागली की नाही, हे ज्याला लागली त्यानंच सांगायचं. मारणाऱ्यानं ब्र काढायचा नाही. पंचही नुसती शिट्टी वाजवणार. ज्याला लागली त्यानं आपणहून हात वर करायचा, ओरडायचं आणि मुकाट्यानं बाहेर चालू लागायचं.

श्रीरंगनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला वाटलं गुरलीन त्याची फिरकी घेतेय. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या कचेरीत तो सेक्शन ऑफिसर, तीस वर्षं झाली. माणसाच्या नुसत्या शब्दावर त्याच्या टेबलावरून एक कागद पुढं सरकलेला नाही. आणि ही दिल्ली. इथं सिग्नल तोडलेला माणूस पोलिसालाच विचारतो, लाल होता कशावरून. तिथं हे लोक स्वतःहून सांगणार? पण ते सांगत होते. खांबाआडून एकटाच पळणारा, कुणी पाहिलेलं नाही असा माणूस मध्येच थांबायचा, हात वर करायचा, "लग गई" म्हणायचा आणि निघायचा. श्रीरंग तोंड उघडं टाकून बघत बसला, थर्मासच्या झाकणातला चहा गार झाला.

आता प्रमोदिनी. करोल बागेत वाढलेली, हिंदूरावच्या चढावर मुजुमदारांच्या घरात आलेली, आणि अठ्ठावीस वर्षं एका सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढणारी. दिवसातून शंभरदा एकच वाक्य, "साँस रोको, हिलना मत, छोड़ो." घरीही सुटायची नाही सवय. मुलगा परीक्षित लहानपणी भोकाड पसरायचा तेव्हा ती त्यालाही म्हणायची, साँस रोको, आणि गंमत म्हणजे तो रोखायचा.

दोन हिवाळ्यांपूर्वी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सहा महिन्यांत चालता झाला. हातही उचलायला लागली, बोटं मिटायला लागली, लोक म्हणाले वा, वाचलात. पण हाताचा स्पर्श गेला तो गेला. खांद्यापासून नखांपर्यंत हात जागच्या जागी, सांगितलं ते करणारा, आणि त्याला कशाचा म्हणून पत्ता नाही. एकदा पोळ्या लाटताना पंजा तव्याला टेकून राहिला. तिला कळलं ते वास आल्यावर.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज हाताला स्पर्श करत राहा, कधी काळी परत येईलही. मग रोज संध्याकाळी श्रीरंग कचेरीतून आला की दोघं समोरासमोर बसायची. ती डोळे मिटायची आणि तो पेनाचं टोपण तिच्या पंजाच्या पाठीवर टेकवायचा.

"लागलं?"

"नाही."

सात महिने हेच. श्रीरंग नेमाचा माणूस, त्यानं एक दिवस चुकवला नाही. आणि मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "हो. इथं, करंगळीखाली."

टोपण अजून हवेतच होतं. श्रीरंगनं हात लावलाच नव्हता.

तिनं डोळे उघडले आणि पाहिलं. दोघांनाही कळलं की हे खोटं तिनं त्याच्यासाठी बोललं होतं, त्याचा तो रोजचा उतरणारा चेहरा तिला बघवत नव्हता. त्यानं टोपण पेनाला लावलं, पेन खिशात टाकलं आणि यासाठी ते बाहेर काढायचं सोडलं. पुढच्या महिन्यात तिनं नोकरी सोडली आणि खिडकीशी बसायला लागली. टीव्ही चालू असायचा, ती बघत नसायची. श्रीरंगला त्या दिवसांची खरोखर भीती वाटायची.

गुरलीन तिची फिजिओथेरपिस्ट. तिनंच एक दिवस फर्मावलं, "आंटीजी, संडे को मेरे साथ चलो." ब्लास्टर दोन्ही हातांनी धरावा लागतो, उजव्यानं चाप आणि डाव्यानं खालून आधार. डाव्या हाताला काम मिळेल आणि तुम्हाला घराबाहेरची हवा, असं तिचं गणित. श्रीरंग नको म्हणाला. त्याच्या मते हा सगळा पोरखेळ होता. प्रमोदिनी म्हणाली, "चला, बघून तर येऊ."

त्या रविवारी काय झालं ते श्रीरंग अजून लोकांना सांगतो. तासभर ती नुसती एका खांबाआड उभी. मग समोरच्या मांडवामागून एक माणूस पळणार, तेवढ्यात हिनं त्याच्याकडे न बघता त्याच्या दोन पावलं पुढं नेम धरला. श्वास रोखला. गोळी सुटली आणि तो माणूस बरोबर त्या जागी येऊन छातीवर घेऊन उभा राहिला. दुसरा तसाच, तिसरा तसाच. अठ्ठावीस वर्षं तिनं काय केलं होतं? माणूस आता हलणार, हे तो हलायच्या आधी ओळखलं होतं. लोकांच्या खांद्याच्या हाडाकडे बघूनच तिला कळायचं ते कुठल्या बाजूला निघणार. श्रीरंग एवढी वर्षं तिच्याबरोबर राहिला आणि हे त्याला ठाऊकच नव्हतं. गाडीत बसल्यावर तो तिच्याकडे चोरून बघत होता. तिच्या केसांत गवत होतं आणि ती आपल्याशीच हसत होती.

तिला स्वतःला लागली की घाईत मराठीच निघायचं, "लागली!" महिन्याभरात निम्मे पंजाबी "लागली" म्हणायला लागले.

पण तिला फार कमी वेळा लागायची. पहिल्या वर्षी लोक कौतुकानं म्हणायचे, आंटी अमर हैं. दुसऱ्या हिवाळ्यात तेच जरा वेगळ्या सुरात म्हणायला लागले. श्रीरंगनं तो सूर ओळखला, कचेरीत असले सूर त्यानं खूप ऐकलेत. पण कशाबद्दल ते त्याला उमजेना. शेवटी लविश नावाचा एक तिशीतला मुलगा, गुरुग्रामला नोकरी करणारा, पार्किंगमध्ये तिच्यापाशी आला. बिचारा खाली मान घालून उभा होता. म्हणाला, "आंटी, बुरा मत मानना. आज मेरी चार आपके बाज़ू पे लगीं. आपने एक भी नहीं बोली."

"कुठल्या?" तिनं विचारलं.

त्यानं तिच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं.

आता हसू नका, पण प्रमोदिनीच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. ज्या हातानं दोन वर्षं काही सांगितलं नाही, तो हात आहे हेच ती विसरून जायची. लागली तर कळेल, असं धरून चालली होती, जसे आपण सगळेच चालतो. ती पांढरीफटक पडली. गुरलीनला तरी सुचावं? हाताला काम लावायच्या नादात तिच्याही लक्षात आलं नाही. आणि श्रीरंग, ज्यानं सात महिने त्या हातावर टोपण टेकवलं, तो तर बाजूला बसून टाळ्या पिटत होता.

प्रमोदिनी परत लॉनवर गेली. लोक ब्लास्टर पिशव्यांत भरत होते. तिनं सगळ्यांना थांबवलं आणि आपल्या करोल बागेतल्या स्वच्छ हिंदीत सांगितलं, की माझ्या डाव्या हाताला काही समजत नाही, मी हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, तेव्हा मी जिंकलेला प्रत्येक डाव खोटा धरा. आवाज अजिबात कापला नाही. लोकांना कुठं बघावं कळेना. लविश तर रडायच्या बेतात. कुणी तरी म्हणालं, आंटी, आम्ही सांगत जाऊ ना, तुमच्या हाताला लागली की आम्ही ओरडू.

"नको," ती म्हणाली. "मेरी लगी, मैं बोलूँगी. नहीं तो नहीं खेलूँगी."

घरी येऊन ती पुन्हा खिडकीशी बसली. ती खिडकी पुन्हा सुरू झाली तर या खेपेला ती उठायची नाही, हे श्रीरंगला स्पष्ट दिसत होतं. पुढच्या रविवारी ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी तो कचेरीतून आला तर दिवाणावर एक्स-रे पसरलेले. जुन्या फिल्मा. दवाखान्यातल्या नाहीत, तिथली एक चिठ्ठीसुद्धा तिनं कधी घरी आणली नव्हती. या घरच्या होत्या. सासूबाईंचं मोडलेलं खुब्याचं हाड, परीक्षितचं सायकलवरून पडून मोडलेलं मनगट, तिची स्वतःची छाती. आणि श्रीरंगचा मणका, ज्याचा त्यानं गेली बारा वर्षं घरात बाऊ केला होता. ती कात्रीनं त्याचे बेतानं तुकडे करत होती.

"अगं, माझा मणका!"

"तुमचा मणका तुमच्या पाठीत आहे. करोल बागेत जाऊन मला जाड सुई आणून द्या, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात ना, ती वाकडी."

त्यानं आणून दिली. चार दिवस खपून तिनं जुन्या जॅकेटची डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत फिल्मांनी मढवली, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक. मग बैठकीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. डोळ्यांवर ओढणी बांधली आणि म्हणाली, मारा.

नवऱ्यानं बायकोवर गोळी झाडायची म्हणजे काय! पहिली गेली फ्रीजवर. दुसरी लागली. फिल्मवर फोम आदळला की टप् असा कोरडा आवाज येतो. "खांदा," ती म्हणाली. पुढची. "कोपराच्या वर. हा तुमचा मणका, जुनी फिल्म जाड असते." पुढची. "मनगट, परीक्षित." श्रीरंग मारत गेला आणि ती सांगत गेली, एक चुकली नाही. हाताला जे कळत नव्हतं ते ती कानानं ऐकत होती. शेवटी तो ब्लास्टर मांडीवर ठेवून नुसता तिच्या पाठीकडे बघत बसला. या बाईबरोबर आपण एकतीस वर्षं भाजी आणायला जातोय, असं काहीसं त्याच्या मनात आलं.

पंजा मात्र उघडाच राहिला. तिथं फिल्म लावली तर ब्लास्टर धरता येत नाही. लॉनवर परत गेली त्या दिवशी तिनं तेही सांगून टाकलं. बाहीवर लागली तर मी सांगीन, पंजावर लागली तर मला कळणार नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी कुणी पाहिलं तर ओरडा, मी बाहेर जाईन. हे सांगताना तिनं श्रीरंगकडेही बघितलं. तो बिलकुल, बिलकुल म्हणाला.

संक्रांतीच्या आधीचा रविवार म्हणजे हिवाळ्यातली शेवटची लढाई. पुढच्या आठवड्यापासून लॉनवर पुन्हा वराती. शेवटचा डाव सिंहासनाचा, ज्या पक्षाचा माणूस त्या लाल मखमलीवर जाऊन बसेल तो पक्ष जिंकला. प्रमोदिनीचं नाव त्या हिवाळ्यात खराब झालं होतं ते झालंच होतं. कुणी बोलत नव्हतं, पण काही जण अजून तिच्या बाहीकडे तिरक्या नजरेनं बघायचे. हा डाव तिला जिंकायचा होता, सर्वांसमोर, सरळ. रात्रभर कूस बदलत होती हे श्रीरंगला ठाऊक होतं, कारण तोही तेच करत होता.

धुकं दाट होतं. माणसं एकेक करून हात वर करत बाहेर आली आणि शेवटी आत दोघंच उरली, ही आणि लविश. लविश मोठ्या हत्तीमागं. ही खांबाखांबांतून सरकत सिंहासनाच्या अगदी जवळ आलेली, फार तर पाच पावलं. श्रीरंग कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, तिच्याच बाजूला. बाकीचे सगळे पलीकडच्या टोकाला, धुक्याआड.

ती निघाली. लविशनं न बघता हत्तीच्या पायांमधून एक गोळी सोडली आणि लगेच दुसरी भरताना वैतागून म्हणाला, "शिट, मिस." त्याला वाटलं नेम चुकला.

चुकला नव्हता. श्रीरंगनं पाहिलं. निळी गोळी तिच्या डाव्या पंजाच्या पाठीवर लागली आणि ओल्या गवतात पडली, आवाज न करता. ती सिंहासनाकडे बघत होती, हाताकडे तिचं लक्षही नव्हतं.

ओरडायचं होतं. त्यानं कबूल केलं होतं. श्रीरंग मुजुमदारनं उभ्या जन्मात एक नियम मोडलेला नाही, लोक त्याची त्यावरून टिंगल करतात. त्यानं तोंड उघडलं. आणि मिटलं. तीन पावलं राहिली होती. कुणी पाहिलं नव्हतं, मारणाऱ्यानंसुद्धा नाही. जिंकू दे तिला, एवढंच त्याच्या मनात आलं.

ती थांबली.

सिंहासन हाताच्या अंतरावर होतं. तिनं मान वळवून आपल्या पंजाकडे पाहिलं, जणू कुणी मागून हाक मारली होती. मग तिनं डावा हात वर केला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "लागली."

लविश हत्तीमागून बाहेर आला. "नहीं आंटी, वो तो मिस थी."

"नाही बेटा. लागली."

पलीकडून टाळ्या सुरू झाल्या, शिट्ट्या झाल्या, लविश जाऊन सिंहासनावर बसला आणि अवघडून लगेच उठलाही. ती हात तसाच वर धरून नियमाप्रमाणे बाहेर चालत आली, सरळ श्रीरंगपाशी.

"अहो, तुम्ही इथंच बसला होतात. पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग ओरडला का नाहीत?"

श्रीरंगची लाज आणि त्याचा आनंद एकाच वेळी वर आले होते, आणि एवढ्या लहान तोंडातून दोन्ही बाहेर पडणं शक्य नव्हतं. तिनं त्याला फार छळलं नाही. शेजारची खुर्ची ओढली, त्याच्यासमोर बसली आणि पंजा त्याच्या गुडघ्यावर पालथा ठेवला. पंजा थंड होता, त्यावर मातीचा एक गोल डाग होता.

"पेन आहे का?"

पेन होतं. तो रविवारीही खिशाला पेन लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तिनं डोळे मिटले. त्यानं टोपण काढलं, तिच्या हातावर आणलं आणि हवेतच धरलं. तो टेकवायला घाबरत होता, हे त्यानं नंतर कबूल केलं.

मागं लोक गवतातल्या गोळ्या वेचत होते.

"अजून नाही," ती म्हणाली.

तो तसाच थांबला.

"अजून नाही."

मग त्यानं हळूच टोपण टेकवलं.

"आत्ता," प्रमोदिनी म्हणाली.